हातावरचं तूप

पाटणच्या एसटी स्टँडसमोर भाग्यश्री साळुंखेची खानावळ आहे, आणि तिथून कोणी अर्धपोटी उठलं असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. एसट्या विजेवर धावू लागल्या, खोऱ्यावरून औषधं पोचवणारे ड्रोन घिरट्या घालू लागले, पोरांच्या चष्म्यांत सिनेमे आले. भाग्यश्रीच्या तव्यावरची भाकरी मात्र होती तशीच टम्म फुगत राहिली. काडीसारखा आलेला नवा तलाठी वर्षभरात शर्टाची बटणं तुटेस्तोवर भरला, तर ही गल्लीभर सांगत सुटली, "बघा, माझ्या हातचं आहे ते!" गर्व म्हणा, हौस म्हणा, बाईचा सगळा जीव त्यात होता.

आणि अशा बाईच्या पोटची पोरगी जिना चढताना मध्येच खाली बसायची. आता काय म्हणावं याला!

आर्वी दिसायला उंच, खांद्यानं रुंद, बघणाऱ्याला वाटावं की ही तालुक्याला पदकं आणत असेल. पण पळायला लागली की अंगणाच्या टोकाला पोचेपर्यंत पोटऱ्यांचे दगड व्हायचे. शाळेतले मास्तर म्हणायचे, नाटकी आहे. आत्या म्हणायची, लाडानं आळशी झालीय. भाग्यश्री दोघांशीही कडाकडा भांडायची आणि घरी येऊन पोरीच्या ताटात दुप्पट वाढायची. साजूक शिरा, केळी, उन्हातून आली की गूळपाणी, खेळाच्या तासाला बाटलीतून ग्लुकोज. पोरगी जितकं खायची तितकी गळायची, आणि 'आणखी खा' याच्यापलीकडे आईला उपाय माहीत नव्हता.

अशात दमपट्टी आली.

दमपट्टी म्हणजे मांडीला चिकटवायची बिस्किटाएवढी चकती. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया. दुखत नाहीत, कळतही नाहीत. स्नायूंच्या पेशी साखर किती वेगानं फोडताहेत आणि त्यातून किती ताकद निघतेय, हे ती क्षणोक्षणी मोजायची आणि शंभरपैकी एक आकडा दाखवायची. लोक त्याला दमांक म्हणू लागले. आधी खेळाडूंनी लावली, मग पोलिसांनी, मग कोणीही. बघता बघता लग्नाच्या बायोडाट्यात उंचीच्या खाली दमांक आला. खानावळीत पोरं एकमेकांच्या मांडीवर वाकून आकडे बघायची आणि खिदळायची. आर्वीचा आकडा विशीच्या वर कधी चढला नाही. स्थळ घेऊन आलेल्या एका बाईनं तो बघितला आणि चहा अर्धा ठेवून उठली. भाग्यश्रीनं तो चहा तिच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतला. स्वभावच तसला.

आर्वीला मात्र लग्नाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला कोयना कडा पथकात जायचं होतं. जंगलात हरवलेली, कड्याखाली अडकलेली माणसं शोधून आणणारं हे पथक. जिथं ड्रोन नुसता बघू शकतो आणि हेलिकॉप्टर उतरू शकत नाही, तिथं शेवटी माणसालाच पायी जावं लागतं. आर्वीनं नर्सिंग केलं होतं, दोराच्या गाठी शिकली होती, झाडपाला वासावरून ओळखायची. राहिली होती ती अंगमेहनतीची परीक्षा.

परीक्षेच्या दिवशी भाग्यश्रीनं पहाटे उठून वाटीभर शिरा तिच्या पोटात घातला. निघताना उंबऱ्यापाशी अडवलं. "उजवा हात पुढं कर."

"आई, पोट फुटेल आता."

"फुटू दे. दहीसाखर घेतल्याशिवाय या घरातनं कोणी परीक्षेला गेलेलं नाही." चमचाभर म्हणता म्हणता तिनं अर्धी वाटी तळहातावर ओतली. "आज चढायचंय तुला. साखर जास्त घातलीय."

मैदानावर आणखी एक पेला तयारच होता. सगळ्यांची सुरुवात सारखी व्हावी म्हणून पथकाच्या नियमानं प्रत्येक उमेदवाराला साखरेचं दाट पाणी प्यावं लागायचं. आर्वी तेही प्यायली. शिट्टी वाजली, बाकीचे हरणासारखे टेकडीवर चढले, आणि आर्वी पहिल्याच वळणावर मांड्या धरून कोसळली. दमांक सहा! पथकाच्या इतिहासात कुणाचा इतका खाली गेला नव्हता. दुपारी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तेव्हा मात्र भाग्यश्रीची बोबडी वळली. तिनं पोरीला गाडीत घातलं आणि थेट कऱ्हाड गाठलं.

तिथं डॉक्टर तहसीन मुजावर भेटल्या. मूळच्या मिरजेच्या, पेशींच्या ऊर्जेवर बरीच वर्षं काम करून परतलेल्या. त्यांनी रक्त घेतलं, मांडीतला तांदळाएवढा तुकडा घेतला, आणि मग भाग्यश्रीला भलताच प्रश्न विचारला.

"ताई, ही उपाशी असताना कशी असते?"

"उपाशी? माझी पोरगी? अहो, माझ्या घरात कोणी उपाशी…" बोलता बोलता भाग्यश्री थांबली. तिला हरतालिका आठवली. दरवर्षी पोरी निर्जळी उपास करून डोंगरावरच्या देवीला जायच्या. बाकीच्या वाटेत धापा टाकत बसायच्या. आर्वी सुरुवातीला थोडी रेंगाळायची आणि मग पायाखालची वाट संपेस्तोवर न थांबता चढायची. भाग्यश्री त्याला देवीची कृपा समजून दरवर्षी खणनारळ वाहत आली होती.

ते ऐकून मुजावरबाईंचे डोळे चमकले. "देवीचं देवीला असू द्या," त्या म्हणाल्या, "पण मला वाटतं, काय झालंय ते मला कळलंय."

तपासण्यांचे निकाल आले तेव्हा त्या मुद्दाम पाटणला आल्या. पोटभर जेवल्या, पुरणपोळीवर तुपाची धार दोनदा मागून घेतली आणि हात धुऊन आईलेकीसमोर बसल्या.

"ताई, गर्दीच्या वेळी तुम्ही कुठं उभ्या असता?"

"सैपाकघराच्या दारात. दुसरं कुठं?"

"आणि काय बघता?"

"ताटं. भरलेली ताटं ओट्यावर साचायला लागली की आत सांगते, भाकऱ्या थांबवा. चाटूनपुसून रिकामी ताटं परत यायला लागली की ओरडते, टाका गं पटापटा. दारात कोणी नसलं तर एक तर माणसं ताटकळतील, नाहीतर दुपारच्या आतच पीठ संपेल."

"झालं! अर्धं शास्त्र तुम्हीच सांगितलंत."

मग त्यांनी उरलेलं अर्धं सांगितलं. प्रत्येक पेशी साखर एकदम जाळत नाही. दहा पायऱ्यांनी ती हळूहळू फोडते. सहा कर्बांच्या रेणूचे शेवटी तीन-तीन कर्बांचे दोन तुकडे होतात, आणि त्यातून सुटणारी ऊर्जा एटीपी नावाच्या इवल्याशा रेणूंत भरून ठेवली जाते. ही भरलेली ताटं. प्राणवायू पुरेसा असेल तर ते दोन तुकडे पेशीतल्या भट्टीत जाऊन पुरते जळतात आणि ताटांचा ढीग लागतो. प्राणवायू कमी पडला तर त्यांचं आम्ल होतं, दह्याच्या आंबटपणात असतं तेच. आणि या दहा पायऱ्यांपैकी तिसरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, उभं असतं. साखरेला पुढं ढकलणारंही तेच आणि अडवणारंही तेच. तिथून पुढं गेलेल्या साखरेला माघारी फिरता येत नाही, म्हणून सगळी राखण तिथंच. भरलेली ताटं साचली, आम्ल वाढलं, की ते विकर हात आखडतं. रिकामी ताटं दिसली की सैल सोडतं.

"नाव काय त्याचं?" आर्वीनं विचारलं.

"फॉस्फोफ्रुक्टोकायनेज."

"बया!" भाग्यश्री म्हणाली. "आपण तिला दारातली बाई म्हणू."

"म्हणा की. तर आर्वीच्या स्नायूंत ही दारातली बाईच नाही. जन्मापासून नाही. लाखांत एखाद्याला असतो हा दोष. साखर दारापर्यंत येते आणि अडकते."

"मग ती चालते तरी कशावर?"

"चरबीवर. तिला मागच्या दारानं वेगळी वाट आहे, थेट भट्टीत. संथ वाट, पण दिवसभर पुरते. म्हणून हिला पळता येणार नाही, सुरुवातीलाही त्रास होणार. पण हळू सुरू केलं, अंग तापलं, चरबी सुटायला लागली की चालत राहील. फक्त एक आहे." मुजावरबाई जरा घुटमळल्या. "गोड खाल्लं की रक्तात इन्शुलिन वाढतं आणि ते चरबीच्या कोठाराला कुलूप लावतं. तुमचंआमचं त्यानं बिघडत नाही, आपली साखर जळते. हिची साखर जळत नाही आणि चरबीही बाहेर येत नाही. दोन्हीकडून उपास."

भाग्यश्रीनं एकेक बोट दुमडलं. मग म्हणाली, "म्हणजे तो शिरा. ते गूळपाणी. ती दहीसाखर."

"तुम्हाला कसं ठाऊक असणार, ताई?"

"अहो, अख्ख्या तालुक्याला जेवू घालणारी बाई मी. आणि माझ्याच पोरीला मी इतकी वर्षं…" ती पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. आयुष्यात तिला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. आर्वीनं मागून येऊन तिच्या गळ्यात हात टाकले.

"आई, एवढी उंच कशावर झाले मग मी? तुझ्या भाकरीवरच ना? भाकरी बंद करायला नाही सांगितलं त्यांनी. चढायच्या आधी गोड नको, एवढंच."

"मग परीक्षेच्या दिवशी हातावर काय ठेवू? मोकळ्या हातानं नाही पाठवणार मी."

मुजावरबाई हसल्या. "तूप ठेवा. चमचाभर तुपानं काही डोंगर चढून होत नाही, खरं काम अंगातल्या चरबीचं. पण त्यानं बिघडणारही काही नाही, आणि तुमचं समाधान होईल. मात्र आर्वी, पोटऱ्या आवळायला लागल्या की तिथंच थांबायचं. जिद्द दाखवायला गेलीस तर स्नायू फुटतात आणि त्यांतलं रंगद्रव्य मूत्रपिंडात जाऊन बसतं. त्या दिवशीची काळी लघवी तीच होती."

आता प्रश्न होता तो पथकाच्या गोड पाण्याचा. पथकप्रमुख घोरपडे रोज दुपारी खानावळीत जेवायचे. माणूस सरळ, पण नियमाला घट्ट. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "वहिनी, वाईट वाटतं. पण एकीसाठी माप बदललं तर उद्या प्रत्येक जण कारण घेऊन येईल."

भाग्यश्रीनं त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"अहो, हे काय?"

"तुमच्या ताटात शेंगदाण्याची चटणी का नाही, माहितीय? तुम्हाला शेंगदाण्यानं पित्त उठतं म्हणून. मागच्या टेबलावरच्या गुरुजींना भात नाही, त्यांना साखर आहे म्हणून. उद्यापासून सगळ्यांना एकच माप लावते. चालेल?"

घोरपडे हसले, ताट परत मागितलं आणि जेवण संपेपर्यंत विचार करत राहिले. शेवटी म्हणाले, "वर्षभर उमेदवार म्हणून घेतो. शेवटच्या जागी चालेल, औषधांची पिशवी तिच्याकडे. पण हुकूम पाळायचा. एकदा जरी मोडला तर मी काही करू शकणार नाही."

त्याच सुमाराला पथकाला नवी पट्टी मिळाली होती. मोकळी पट्टी म्हणायचे तिला. ही नुसतं मोजत नव्हती, सुईतून थोडं थोडं औषध सोडून साखरेच्या वाटेवरची राखण ढिली करायची. एटीपी कितीही साचो, आम्ल कितीही वाढो, साखर फुटतच राहायची. पट्टी लावलेले गडी नव्वदीच्या दमांकावर कडा चढायचे. नदीत वाहून चाललेल्या दोघांना त्यांनी केवळ वेगाच्या जोरावर वाचवलं होतं, तेव्हा घोरपड्यांचा अभिमान काही खोटा नव्हता. भाग्यश्रीला मात्र ऐकताच कसंतरी झालं. "म्हणजे दारातल्या बाईचे डोळे बांधलेत," ती आर्वीला म्हणाली. "पीठ पुरेल का गं त्यांचं?"

त्या हिवाळ्यात एका सकाळी जमीन हलली. कोयनेच्या माणसाला हादरे नवे नाहीत. भांडी किणकिणली की तो घास खाली ठेवतो आणि थांबली की उचलतो. हा हादरा मात्र लवकर थांबलाच नाही. आंबेखिंडीपलीकडचा कडा सुटला आणि वरच्या धनगरवाड्याची वाट दगडांखाली गेली. ड्रोननं दाखवलं की बाकीची माणसं धडधाकट आहेत, पण ठकूबाई झोरे नावाची बाई घराच्या तुळईखाली अडकलीय, दोन्ही पाय दाबलेले. ड्रोननं रेडिओ टाकला, औषधंही टाकली. पण शीर शोधून सुई लावायला शिकलेला हात लागतो, आणि तो वाड्यावर कुणाकडे नव्हता. उतार असा की हेलिकॉप्टर टेकेना. मध्ये डोंगराच्या दोन धारा, एकामागं एक चढून उतरायच्या.

पथक निघालं तेव्हा भाग्यश्री भाकऱ्यांची टोपली घेऊन तळावर हजर होती. सगळ्यांच्या हातांवर तिनं दहीसाखर ठेवली. शेवटी आर्वी आली. भाग्यश्रीनं पदराआडून छोटी वाटी काढली आणि तिच्या तळहातावर चमचाभर रवाळ तूप ठेवलं. आर्वीनं ते चाटलं आणि डोळे मिचकावले. बाकीचे खिशात साखरेच्या पाकाच्या नळ्या घेऊन पळत सुटले होते.

तळावरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येकाचा एक ठिपका आणि शेजारी दमांक दिसायचा. बाईला घरी जा म्हणण्याची हिंमत कुणाला झाली नाही, म्हणून ती तिथंच स्टुलावर बसली. सात ठिपके झरझर वर सरकत होते. एक्याण्णव, चौऱ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. आठवा पायथ्याशीच घोटाळत होता. आर्वी चार पावलं टाकायची, पोटऱ्या आवळल्या की थांबायची, पुन्हा चालायची. मांडीवर तिची जुनीच दमपट्टी, आकडा अकरा.

"हिला उगाच घेतली," यंत्रापाशी बसलेला एक जण पुटपुटला.

"तोंड सांभाळ," भाग्यश्री म्हणाली. "दुपारी माझ्याकडंच जेवायचंय तुला."

थोड्या वेळानं आर्वीच्या ठिपक्याचं थांबणं बंद झालं. आकडा अठरावर आला आणि तिथंच राहिला. ठिपका सरकत होता, न थांबता सरकत होता. भाग्यश्रीनं हळूच देवीचं नाव घेतलं आणि लगोलग मुजावरबाईंचंही.

पहिली धार ओलांडेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. दुसरीच्या निम्म्यावर पुढचा ठिपका थांबला. नव्वदीतला आकडा चाळिसावर आला, मग पंधरावर. मग दुसरा थांबला. मग तिघे एकदम, आणि मागोमाग उरलेले दोघे. घोरपड्यांनी रेडिओ उचलला. "यशराज, काय झालं?"

तुकडीच्या म्होरक्याचा आवाज जड येत होता. "पाय… उचलत नाहीत सर. डोकं गरगरतंय. साखरेच्या नळ्या पहिल्या धारेवरच संपवल्या. एकच राहिलीय."

घोरपड्यांनी फोन लावून मुजावरबाईंना विचारलं, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं ते असं: नदीकाठच्या धावपळीत पट्टीनं साथ दिली, कारण ते काम लवकर संपलं होतं. इथं दिवसभराची चाल. राखण ढिली केल्यामुळे स्नायूंनी गरज नसतानाही साखर फोडली आणि दिवसाचा साठा सकाळीच उडवला. पट्ट्या काढा, पोरांना निजवून ठेवा, पाणी द्या. वाचतील सगळे, पण आज चालणार नाहीत.

घोरपड्यांचा चेहरा उतरला. वाड्यावरून ठकूबाईचा लेक रेडिओवर रडत विचारत होता, "साहेब, तुळई उचलू का? आई विव्हळतीय हो."

दुपार झाली तेव्हा पडद्यावर आठवा ठिपका पडलेल्या सातांपाशी पोचला. अठरा.

"आर्वी," घोरपडे घाईनं म्हणाले, "तू एकटीच उभी आहेस. यशराजकडची शेवटची नळी घे, पूर्ण पी आणि पुढं हो. ताकद लागेल तुला. हा हुकूम आहे."

भाग्यश्रीला लेकीची अडचण लख्ख कळली. हुकूम मोडला तर पथक गेलं, पाळला तर पाय गेले. ती स्टुलावरून उठली, घोरपड्यांच्या हातातून माइक अक्षरशः हिसकावला आणि ओरडली.

"आरू, खाऊ नकोस! ऐकतेस का? काही म्हणजे काही खाऊ नकोस!"

पाटणच्या कुठल्याही माणसानं या बाईच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले नव्हते.

"साहेब," ती घोरपड्यांकडे वळली, "तुमचा हुकूम मी मोडलाय, तिनं नाही. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

घोरपड्यांनी तिच्याकडे बघितलं, पडद्यावरच्या सात विझलेल्या आकड्यांकडे बघितलं, आणि माइक परत घेतला. "आर्वी, हुकूम मागं घेतो. आईचं ऐक. तुझ्या चालीनं जा."

"हो सर," आवाज आला. मग जरा थांबून, "नाही खात गं, आई."

आणि ती चालू लागली. उन्हं कलायला लागली तरी ठिपका सरकतच होता. न धावता, न रेंगाळता, अठरा, एकोणीस, अठरा. मघाशी पुटपुटलेला तो माणूसही आता स्टूल पुढं ओढून बसला होता. दुसरी धार मागं पडली तेव्हा तळावर कुणीतरी टाळी वाजवली, आणि भाग्यश्रीनं त्याला दटावलं, "अजून पोचली नाहीय!"

ती पोचली तेव्हा ऊन अजून डोंगरमाथ्यावर होतं. तिचा पहिला शब्द रेडिओवर सगळ्यांनी ऐकला. "तुळईला हात लावू नका!" पहार घालून उभा असलेला लेक चपापला. आर्वी त्याला सांगत होती, "दादा, दाबलेले स्नायू फुटलेले असतात. एकदम मोकळे केले तर त्यातलं विष सगळं रक्तात जाईल. आधी सलाईन. मला माहितीय, माझ्या अंगावरून गेलंय ते." तिनं शीर शोधली, सुई लावली, बाटली संपवली, दुसरी लावली, आणि मगच म्हणाली, "आता उचला. सगळे मिळून. हळू."

ठकूबाईचा कण्हण्याचा आवाज आला, मग शिवी आली, चांगली ठसठशीत धनगरी शिवी, आणि तळावर हसण्याचा आणि रडण्याचा एकच कल्लोळ झाला. शिव्या देणारी बाई वाचते, हे कोणालाही सांगावं लागत नाही. भाग्यश्रीनं डोळे पुसले आणि त्या पुटपुटणाऱ्याला विचारलं, "काय रे, उगाच घेतली का हिला?"

"चुकलो, काकू."

"चुकलास तर भाकरी घे. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

पथकानं पुढं मोकळ्या पट्ट्या बंद केल्या नाहीत. नदीच्या, आगीच्या, झटपट कामाला त्या ठेवल्या आणि लांबच्या चालीला काढून ठेवल्या. परीक्षेचं गोड पाणी मात्र ज्याला हवं त्यालाच मिळू लागलं. मुजावरबाईंचा फोन आला होता की, ती दारातली बाई जनुकातून बसवण्याचं औषध दोनेक वर्षांत येईल. आर्वी म्हणाली, "येऊ दे. जिना पळत चढायला मला आवडेल. पण तोवर माझी कामं अडलेली नाहीत."

उन्हाळ्यात पुन्हा एकदा हाक आली, तेव्हा नवी भरती झालेली पोरंही ओळीत उभी होती. भाग्यश्री एकेकाच्या तळहातावर दहीसाखर ठेवत चालली होती. त्यातल्या एका आगाऊ पोरीनं हात मागं घेतला. "काकू, मलापण तूप द्या ना. आर्वीताईंसारखं."

"तुला तूप? पहिल्या चढालाच पेंगशील. तुला दहीसाखरच." भाग्यश्रीनं तिचा हात ओढून त्यावर चमचा उलटा केला. "तूप फक्त तिचं."

ती शेवटच्या जागेपाशी आली. आर्वीनं न सांगता उजवा हात पुढं केला.

शिट्टी वाजली. पोरं वाऱ्यासारखी सुटली, धूळ उडाली. आर्वी पहिल्या चढावर थांबत थांबत मागं पडत गेली. त्या आगाऊ पोरीची आई निरोप द्यायला आली होती, तिनं काळजीनं विचारलं, "अहो, त्या मागच्या बाईंना बरं वाटत नाही का? किती मागं राहिल्यात."

जन्मभर भाग्यश्रीनं या लेकीला 'आवर गं, पाय उचल' म्हणून हाका मारल्या होत्या. आता तिनं कमरेवर हात ठेवले, मान ताठ केली आणि अख्ख्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात डोंगराकडे ओरडली, "आरू, सावकाश!" मग त्या बाईकडे वळून म्हणाली, "माझी मुलगी आहे ती. तुमची पोरं थकली की त्यांना वाटेत तीच भेटेल."